आंतरराष्ट्रीय शैक्षणिक सहकार्याचा पुरस्कार : विद्यापीठात तो नेमका कोणाला द्यावा?

मृण्मयी_द (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, कारण मला खरोखर सल्ला हवा आहे.

मी महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात शिकवते. वर्धापनदिनाला आमच्याकडे गुणवंत शिक्षक, गुणवंत कर्मचारी असे पुरस्कार देतात. यंदापासून त्यात एकाची भर पडते आहे: आंतरराष्ट्रीय शैक्षणिक सहकार्य वाढावं म्हणून विशेष काम करणाऱ्या विद्यापीठातल्याच व्यक्तीचा गौरव. निकष ठरवणाऱ्या समितीत मी आहे. पहिला मसुदा हाती आला तो असा: परदेशी नियतकालिकांतले शोधनिबंध, परदेशातल्या परिषदांतली सादरीकरणं, पुढाकार घेऊन केलेले सामंजस्य करार, परदेशातून आणलेला निधी. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी त्याला पुरस्कार.

मसुदा वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. यातल्या बऱ्याचशा कामाची नोंद प्राध्यापकांच्या नावे आधीच होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की ७ गुण, देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय पातळीला ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. हे गुण बढतीच्या आणि निवडीच्या हिशोबात धरले जातात. ते योग्यच आहे, मीही त्याचा लाभ घेतला आहे. पण परदेशी विद्यापीठाशी आलेल्या पत्रव्यवहाराची फाइल वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या वरिष्ठ लिपिकाला कुठल्या तक्त्यात किती गुण मिळतात? एकही नाही, कारण त्याच्यासाठी तक्ताच नाही.

आमच्या आंतरराष्ट्रीय कक्षातलं एक उदाहरण देते. करारावर सह्या होतात त्या दिवशी सभागृहात दोन देशांचे छोटे झेंडे असतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. करार साधारण पाच वर्षांचा असतो. संपायच्या आधी नूतनीकरणाचं टिपण ठेवलं नाही तर तो आपोआप लयाला जातो आणि त्या कराराखाली परदेशी गेलेली मुलं अधांतरी लटकतात. कक्षातल्या एका बाईंनी हिरव्या कापडी बांधणीचं एक रजिस्टर केलं आहे. प्रत्येक कराराला एक पान. वर मुदत संपण्याची तारीख लाल शाईत, खाली समोरच्या विद्यापीठातल्या संबंधित माणसाचं नाव. तो माणूस बदलला की जुनं नाव खोडून नवं लिहायचं आणि 'मेल पाठवली, उत्तर आलं' अशी नोंद करायची. काही पानांवर चार-चार नावं खोडलेली आहेत. इतकी माणसं बदलली तरी संबंध टिकला, तो या रजिस्टरामुळे. हे करा असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या कामाच्या यादीत ते बसतही नाही.

यूजीसीने २०२१ च्या जुलैत उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय कामकाजाचं स्वतंत्र कार्यालय काढावं असं सांगितलं. आपल्या २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय दुव्यांसाठी वेगळं मंडळ आहे. रचना आहे, पाट्या आहेत. त्या पाट्यांमागे बसणाऱ्या माणसांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

तुमच्यापैकी कोणी परदेशी शिकायला गेलं असेल, कोणी विद्यापीठात नोकरी केली असेल, कोणी अशा पुरस्काराच्या समितीवर असेल, तर लिहा. निकष काय असावेत? आणि पुरस्कार म्हणून नेमकं काय द्यावं?

नेकार_काठी

मृण्मयीताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी हायडेलबर्गला असतो. जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण सांभाळणारी डाड ही संस्था १९२५ साली याच गावात एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने सुरू झाली, म्हणून या विषयाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी.

एका लिपिकाच्या एका पत्राने काय होतं ते आकड्यांत सांगतो.

जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या श्रेणीत बदलून घेतात. पद्धत अशी: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिकडे श्रेणी जितकी कमी तितकी चांगली. समजा तुम्हाला १०० पैकी ७० आहेत. उत्तीर्ण व्हायला ४० लागत असतील तर श्रेणी येते २.५. तिथल्या माणसाने पासाची रेषा ५० धरली तर तेच ७० गुण २.८ होतात. पुष्कळशा मास्टर्स अभ्यासक्रमांना किमान २.५ लागते. म्हणजे गुण तेच, मुलगा तोच, पण एका आकड्यावरून प्रवेश हुकतो.

म्हणून विद्यापीठाच्या लेटरहेडवर 'या अभ्यासक्रमात कमाल गुण इतके, उत्तीर्ण होण्यासाठी किमान गुण इतके' असं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. मी अर्ज करत होतो तेव्हा आमच्याकडे अशा पत्राचा नमुनाच नव्हता. परीक्षा विभागातल्या एका सहायक कक्ष अधिकाऱ्याने माझं ऐकून घेतलं, नियमावलीतलं कलम काढलं, त्याचा हवाला देऊन इंग्रजीत पत्र तयार केलं आणि उपकुलसचिवांची सही घेतली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो नमुना त्यांनी संगणकावर जपून ठेवला आणि पुढे येईल त्याला द्यायला सुरुवात केली. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतातून जर्मनीला जाणाऱ्यांना व्हिसासाठी एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि कागदपत्रांसाठी मुलांची एकच झुंबड उडाली. त्या वेळी आमच्या विद्यापीठातून निघणाऱ्या मुलांना ते पत्र तयार मिळत होतं. इथे भेटणारी किती तरी मुलं त्या पत्राचा उल्लेख करतात. ज्यांनी ते लिहिलं त्यांचं नाव मात्र त्यांना माहीत नसतं.

तुमच्या निकषांत हे येऊ दे: त्या माणसाने अशी कोणती सोय करून ठेवली, जी तो त्या खुर्चीवर नसतानाही चालू राहिली?

जावक_क्रमांक

मी निवृत्त कक्ष अधिकारी. पुण्यात नोकरी झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं परदेशी विद्यार्थी विभागात. २०२२ ला निवृत्त झालो. म्हणून या धाग्यावर लिहायचा हक्क आहे असं समजतो.

काम काय असतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना कल्पना नसते. परदेशी विद्यार्थी १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आला की १४ दिवसांत त्याची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी व्हावी लागते. संस्थेने त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात कळवायची, माझ्या वेळी तो फॉर्म एस होता. त्याच्या देशातली बारावी आपल्या बारावीला समकक्ष आहे का ते पाहायचं. आयसीसीआरचा, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचा शिष्यवृत्तीधारक असेल तर त्याचं जॉइनिंग कळवायचं, हजेरी आणि निकाल पाठवायचे, नाहीतर विद्यावेतन अडतं. व्हिसा वाढवायचा तर बोनाफाईड. घर बदललं तर पुन्हा नोंद. २०१८ ला ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं संकेतस्थळ सुरू झालं आणि बरंचसं ऑनलाइन झालं. त्याआधी मी स्वतः मुलांना घेऊन पोलीस आयुक्तालयात जात असे. येमेनचा मुलगा, टांझानियाची मुलगी, इराणी नवरा-बायको, सगळे एका बाकावर. भाषा मोडकी-तोडकी. पण एकाचाही कागद अपुरा राहू दिला नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. आमच्याकडे अफगाण मुलं होती. घरून पैसे येणं बंद झालं, व्हिसाच्या तारखा जवळ आल्या, कोणाचा बाप सरकारी नोकर म्हणून लपलेला, कोणाची बहीण शाळेतून घरी बसलेली. एक मुलगा रोज ऑफिसात येऊन नुसता बसायचा. मी त्याला चहा द्यायचो. शुल्काला हप्ते बांधून मिळावेत म्हणून टिपण लिहिलं, वसतिगृहात मुदतवाढीचं वेगळं टिपण लिहिलं. वरिष्ठांनी एका दिवसात मंजूर केलं, हे मुद्दाम नोंदवतो. पण टिपण कोणीतरी लिहावं लागतं. नियमात बसेल असं शब्दांकन करावं लागतं. 'विशेष बाब म्हणून' हे तीन शब्द कुठे वापरायचे आणि त्याच्या आधी कोणता ठराव जोडायचा, हे वर्षं घालवल्यावर कळतं. त्या मुलांपैकी काहींनी पुढे पदव्या पूर्ण केल्या. अजून ईदला मेसेज येतात.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येतो. आम्हा शिक्षकेतरांना बढती ज्येष्ठतेने, नाहीतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ. काम उत्तम केलं काय नि जेमतेम केलं काय, त्यात फरक पडत नाही. गोपनीय अहवालात 'कामाचा दर्जा' असा रकाना असतो, तिथे एक शब्द लिहिला जातो. त्यामुळे पुरस्कार द्यायचा तर त्याची सेवापुस्तिकेत नोंद झाली पाहिजे. शाल घरी कपाटात राहते. सेवापुस्तिकेतली नोंद माणसाबरोबर निवृत्तीपर्यंत जाते.

दुसरी गोष्ट बदल्यांची. तीन वर्षं झाली की माणूस आंतरराष्ट्रीय कक्षातून उचलून पात्रता विभागात टाकतात. बदली हा प्रशासनाचा अधिकार आहे, त्याला माझी हरकत नाही. पण नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवायला किमान महिना तरी मिळावा. नाहीतर तुम्ही म्हणता तसलं रजिस्टर कुलुपात जातं आणि नवा माणूस शून्यापासून सुरू करतो.

मृण्मयी_द

काका, तुमचा प्रतिसाद मी समितीला जसाच्या तसा दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर. 'टिपण कोणीतरी लिहावं लागतं' हे वाक्य तर मसुद्याच्या पहिल्या पानावर यायला हवं.

जावक_क्रमांक

अवश्य दाखवा.

पोथीशाळा

या विषयात पुण्याची परंपरा मोठी आहे, तिची आठवण करून द्यायला आले.

परशुराम कृष्ण गोडे. मूळचे देवरुखचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे चाळीसएक वर्षं क्युरेटर. प्राध्यापकाची खुर्ची नाही. काम काय, तर हस्तलिखितांचा सांभाळ, याद्या करणं आणि जगभरातून येणाऱ्या विचारणांना उत्तरं देणं. अमुक पोथी तुमच्याकडे आहे का, तिचा काळ काय, तिची नक्कल मिळेल का. ते उत्तरं देत राहिले आणि सोबत स्वतःही शेकड्यांनी शोधनिबंध लिहिले. अत्तरं, घोड्यांच्या नाला, खाण्याचे पदार्थ असे विषय त्यांनी संशोधनाच्या कक्षेत आणले. १९६० मध्ये त्यांच्या गौरवार्थ ग्रंथ निघाला, म्हणजे ते हयात असताना. पुढच्याच वर्षी ते गेले. माझ्या दृष्टीने पुरस्कार असा असावा, माणसाला बघता येईल असा.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा विचारच मुळी परदेशातून आला होता. पुढे प्रागला शिकवू लागलेले विद्वान विंटरनिट्स यांनी १८९७ च्या पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत तो मांडला. प्रत्यक्ष काम मात्र पुण्यात, याच भांडारकर संस्थेत १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ पर्यंत चाललं. सुकथनकरांसारख्या संपादकांची नावं आपल्याला माहीत असतात, असायलाच हवीत. पण पाठभेदांचे तक्ते भरणारे, एकेक श्लोक वेगवेगळ्या लिप्यांतून ताडून पाहणारे जे पगारी लोक होते, त्यांच्या हातांशिवाय ती आवृत्ती उभी राहिली नसती.

१९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली तेव्हा तिचं भारतातलं बस्तान आधी पुण्यात, डेक्कन कॉलेजात बसलं. मराठी शिकायला येणारे अमेरिकन अभ्यासक आजही त्या संस्थेमार्फत पुण्यात येतात. मराठी संतवाङ्मय, खंडोबा, दलित चळवळ यांवर परदेशी विद्वानांनी जे मोलाचं लेखन केलं, त्यामागे इथल्या ग्रंथपालांचे आणि दप्तर सांभाळणाऱ्यांचे फार उपकार आहेत. त्यांच्या पुस्तकांची ऋणनिर्देशाची पानं वाचा. तिथे ही नावं सापडतात, आपल्या विद्यापीठांच्या गौरवयादीत नाही सापडत.

आणि शां. ब. मुजुमदार सरांना कसं विसरायचं? फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होते, वसतिगृहाचे रेक्टरही होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देते आहे असं त्यांना दिसलं. चौकशी केली तर आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने आजारी होता आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परक्या देशातून आलेल्या मुलांना इथे कोणी नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. त्यातूनच १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली. २००५ ला पद्मश्री, २०१२ ला पद्मभूषण. रेक्टर म्हणून फेरी मारताना त्यांची नजर सजग होती, तिथून हे सारं सुरू झालं. तेव्हा मृण्मयी, वसतिगृहाचे अधीक्षक तुमच्या पुरस्काराला पात्र आहेत की नाहीत, ते मसुद्यात स्पष्ट लिहा.

मोका_मॉरिशस

सर्वांना नमस्कार. वर मॉरिशसचा उल्लेख आला म्हणून लिहिण्याचे धैर्य करतो. माझे पूर्वज कोकणातून या बेटावर आले. मराठीचे शिक्षण मी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत घेतले आणि पुढे आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आलो.

आमची मराठी घरातली आणि पूजेतली. पुण्यातील मराठी फार वेगाने बोलली जाते. पहिल्या आठवड्यात मी विभागातील एका शिपाईकाकांना विचारले की अर्ज कोठे द्यावा. ते म्हणाले, "आवकला टाका, पोच घ्या, मग खिडकी नंबर चारला दाखवा." मला काही कळले नाही. माझा चेहरा पाहून ते हातातले काम ठेवून माझ्यासोबत आले आणि तिन्ही ठिकाणे दाखवली. नंतर जे जे मॉरिशसहून आले, त्यांना आम्ही प्रथम त्यांच्याकडेच पाठवत असू. त्यांनी आम्हाला गणपतीत घरी बोलावले. आमच्या घरची मोदकाची पद्धत त्यांच्या पत्नीने विचारून घेतली, हे माझ्या आईला आजही सांगावेसे वाटते.

मी आता शिक्षक आहे. माझे विद्यार्थी विचारतात, पुण्यास जाऊ का? मी होय म्हणतो, आणि माझ्या होकारामागे त्या काकांचा वाटा आहे. विद्यापीठाची कीर्ती आमच्या देशात अशी पोहोचते.

माझी विनंती एवढीच की पुरस्कारासाठी नावे सुचवण्याचा अधिकार परदेशी विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांनाही असावा. विभागप्रमुखांना जे दिसत नाही ते आम्हाला दिसते.

रंकाळा_७१

मी जरा विरुद्ध बाजूने बोलणार आहे, राग मानू नका.

मी कोल्हापूरचा, पदार्थविज्ञानातला. आमच्या शिवाजी विद्यापीठातून थिन फिल्ममध्ये पीएच. डी. केलेली किती पोरं दक्षिण कोरियात पोस्टडॉकला, म्हणजे पीएच. डी.नंतरच्या संशोधनाला गेली ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. तिकडच्या प्रयोगशाळांत कोल्हापुरी मराठी ऐकू येते. हे कसं झालं? करारामुळे नव्हे. एक पोरगं गेलं, तिथं रात्रंदिवस राबलं, तिथल्या प्राध्यापकाचा विश्वास बसला. त्यानं विचारलं, तुमच्याकडं अजून असे आहेत काय? मग गाइडनं दुसऱ्याचं नाव सुचवलं. गाइडच्या शब्दाला तिकडं किंमत होती म्हणून हे जमलं. ती किंमत काही वर्षांच्या पेपरांतून, सॅम्पल पाठवण्यातून, उत्तर वेळेवर देण्यातून तयार झाली. आंतरराष्ट्रीय सहकार्याचं मूळ हे असं दोन संशोधकांच्या विश्वासात असतंय. ते बाजूला सारून सगळा मान कार्यालयाला द्यायचा म्हटलं तर मला पटणार नाही.

सात गुण मिळतात म्हणून कुणी एवढं करत नाही, मृण्मयी मॅडम. स्वतःच्या खिशातनं पोरांच्या तिकिटाला पैसे घातलेले सर मला माहीत आहेत. त्यांनाही कुठला पुरस्कार मिळालेला नाही.

मृण्मयी_द

रंकाळा, राग कसला, हे तुम्ही लिहायलाच हवं होतं. खिशातून तिकिटाचे पैसे देणारे सर मलाही पुरस्काराला हवेच आहेत. माझा आक्षेप मसुद्यातल्या गुणांच्या बेरजेला आहे. त्या बेरजेत तुमचे सरही बसत नाहीत! निबंध किती हे मोजणार, पण किती मुलांसाठी शब्द टाकला हे कोण मोजणार? तुमच्या सरांना आणि आमच्या रजिस्टरवाल्या बाईंना एकाच तक्त्यात घालून तोलायचं का, हा खरा पेच आहे.

रंकाळा_७१

मग दोन वेगळे द्या. शिक्षकांचा वेगळा, शिक्षकेतरांचा वेगळा. आणि शिक्षकेतरात आमच्या एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या मशीनवर बसणाऱ्या तंत्रज्ञाला विसरू नका. कोरियाहून आलेलं सॅम्पल त्यानं दिवाळीच्या सुट्टीत येऊन लावून दिलंय. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कालव्याकाठची

नेदरलँड्समधून. इथल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात मी काम करते, म्हणजे कुलुपातल्या रजिस्टरची युरोपातली वारसदार समजा.

इकडे या कामाला स्वतंत्र व्यवसाय मानतात. त्याची युरोपीय संघटना, ईएआयई, १९८९ पासून ॲमस्टरडॅममध्ये आहे आणि दरवर्षी पुरस्कार देते. दूरदृष्टी आणि नेतृत्वासाठी एक, उत्तम कार्यपद्धती घडवणाऱ्यांसाठी एक, नव्याने या क्षेत्रात आलेल्यांसाठी एक. शेवटचा मला सगळ्यात आवडतो. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी कोणीतरी म्हटलं की तू चांगलं करते आहेस, तर माणूस पुढची वीस वर्षं त्यात टिकतो. तुमच्या विद्यापीठात पुरस्कार निवृत्तीच्या उंबरठ्यावर देण्याची प्रथा असेल तर ती मोडा.

सोफिया कोराडी हे नाव इथे सांगायलाच हवं. रोमची विद्यार्थिनी, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेली, कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. आणि रोममधल्या तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार म्हणून काम करताना ती हा विषय वर्षानुवर्षं लावून धरत राहिली: परदेशात घेतलेलं शिक्षण मायदेशी धरलं गेलंच पाहिजे. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली, तिच्यामागे हा ध्यास होता. लाखो मुलं त्या योजनेतून परदेशी राहून शिकली. कोराडीबाईंना युरोपचा कार्लोस पाचवा पुरस्कार मिळाला तो २०१६ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर.

आता पुरस्कार म्हणून काय द्यावं. माझं ठाम मत: त्यांना तिकडे पाठवा. इरॅस्मस प्लसमध्ये २०१५ पासून भारतासारख्या देशांतल्या विद्यापीठांनाही भागीदार होता येतं, आणि त्यात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणासाठी येता येतं, निदान पाच दिवस, जास्तीत जास्त दोन महिने. भारत-अमेरिका फुलब्राइट आयोगाचाही महाविद्यालय आणि विद्यापीठ प्रशासकांसाठी अमेरिकेतल्या दोन आठवड्यांच्या परिसंवादाचा कार्यक्रम आहे. या जागा प्रत्यक्षात कोणाला मिळतात ते बघा. आमच्याकडे येणाऱ्या भारतीय पथकांत मला बहुतेक वेळा प्राध्यापक आणि संचालकच भेटले आहेत. ज्या व्यक्तीशी मी दर आठवड्याला ईमेलवर बोलते, ती कधीच येत नाही. एकदाच आली होती एक कक्ष अधिकारी, महाराष्ट्रातून नव्हे, दुसऱ्या राज्यातून. पहिले दोन दिवस इंग्रजीच्या धास्तीने गप्प होती. तिसऱ्या दिवशी आम्ही क्रेडिट हस्तांतराचा फॉर्म समोर ठेवला आणि तिने त्यात अशी चूक दाखवली की आमचा अख्खा विभाग खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसला. एका रकान्यात आम्ही सेमिस्टरचं क्रेडिट विचारत होतो आणि त्यांच्याकडून वर्षाचं भरून येत होतं. तो फॉर्म आम्ही त्याच आठवड्यात बदलला.

मांडवी_तीर

गोव्याहून थोडंसं. गोवा विद्यापीठात कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा अशा नावांची अतिथी प्राध्यापक अध्यासनं आहेत, पोर्तुगीजचा विभाग आहे, त्यामुळे बाहेरच्या विद्वानांची ये-जा असते. माझा मुद्दा लेखा विभागाचा. पाहुण्याचं मानधन, करकपात, विमानाच्या तिकिटाची परतफेड हे सगळं वेळेत झालं तर पाहुणा परत येतो. लेखा विभागातल्या माणसाला कोणी आंतरराष्ट्रीय सहकार्याशी जोडतच नाही. निकष लिहिताना विभागाची अट घालू नका.

नेकार_काठी

+१. आणि कालव्याकाठची यांच्या मुद्द्याला पुस्ती: जर्मनीच्या परराष्ट्र खात्याचा एक पुरस्कार डाडमार्फत दिला जायचा, परदेशी विद्यार्थ्यांची उत्तम काळजी घेणाऱ्या विद्यापीठांना. त्याचं नावच 'काळजी' या कल्पनेभोवती बांधलेलं होतं. राष्ट्राच्या परराष्ट्र खात्याला हे आपलं काम वाटतं, हे मला फार मोठं वाटतं. मुलगा इथून परत जातो तेव्हा देशाबद्दल तो घरी काय सांगेल, ते वसतिगृहाच्या आणि कार्यालयाच्या खिडकीवर ठरलेलं असतं.

जावक_क्रमांक

परदेशी पाठवण्याबद्दल. कल्पना उत्तम. अडचणी सांगतो, म्हणजे आधीच तजवीज होईल. ना हरकत प्रमाणपत्र, रजेचा प्रकार (कर्तव्यरजा धरणार का, हा प्रश्न येणारच), दैनिक भत्ता कोणत्या लेखाशीर्षातून. शिक्षकेतरांसाठी परदेश प्रवासाचं लेखाशीर्षच बहुधा नसतं. अंदाजपत्रकात आधी एक ओळ टाकून घ्या, रक्कम लहान असली तरी चालेल. शीर्ष उघडलं की पुढच्या वर्षी वाढवता येतं. आणि पासपोर्ट. आमच्या विभागात सगळे दिवसभर दुसऱ्यांचे पासपोर्ट तपासत असू, स्वतःचा पासपोर्ट असलेले थोडेच होते.

मृण्मयी_द

तुम्हा सगळ्यांच्या प्रतिसादांवरून मसुदा नव्याने लिहिला आहे. थोडक्यात सांगते, चुकलं असेल तिथे अडवा.

पुरस्कार दोन, एक शिक्षकाला, एक शिक्षकेतर कर्मचाऱ्याला. गुणांची बेरीज नाही. त्याऐवजी दोन पानांचं निवेदन: या व्यक्तीने कोणती सोय किंवा पद्धत घडवली, तिचा कोणाला उपयोग झाला, ती पुढे टिकेल का. नाव सुचवण्याचा अधिकार सहकाऱ्यांना, परदेशी आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि भागीदार विद्यापीठातल्या संपर्कातल्या व्यक्तीला. विभागाची अट नाही. वसतिगृह, लेखा, परीक्षा, ग्रंथालय, प्रयोगशाळा सगळे पात्र. सेवेच्या वर्षांचीही अट काढून टाकली. पुरस्काराची सेवापुस्तिकेत नोंद, आणि शिक्षकेतर मानकऱ्याला भागीदार विद्यापीठात प्रशिक्षणाला पाठवण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष. बदली झाल्यास महिनाभर कामाचं हस्तांतर, ही शिफारस वेगळ्या टिपणाने देणार आहे, कारण ती पुरस्कारापुरती ठेवणं चूक ठरेल.

समितीतल्या दोघांचा अजून आग्रह आहे की करारांची संख्या निकषात असावीच. त्यांना मी हिरव्या रजिस्टरातली खोडलेल्या नावांची पानं दाखवणार आहे. बाईंची परवानगी घेतली आहे.

रंकाळा_७१

शिक्षकांच्या निवेदनात 'किती विद्यार्थ्यांना पुढची संधी मिळवून दिली' हे घाला. बाकी मसुदा झकास.

पोथीशाळा

मानपत्र मराठीत असू द्या आणि त्यात नेमकं काम लिहा, विशेषणं कमी. गोड्यांच्या गौरवग्रंथासारखं, पन्नास वर्षांनी कोणी वाचलं तरी त्या माणसाने काय केलं ते कळायला हवं.

जावक_क्रमांक

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. मसुद्यात 'कर्मचारी' म्हणजे कोण, याची व्याख्या द्या. आज बहुतेक आंतरराष्ट्रीय कक्षांत निम्मी मुलं-मुली अकरा महिन्यांच्या आदेशावर आहेत. ईमेलची उत्तरं तीच देतात, विमानतळावरून मुलांना आणायलाही तीच जातात. त्यांना सेवापुस्तिका नसते. नुसतं 'कर्मचारी' लिहिलंत तर आस्थापना विभाग 'मंजूर पदावरील' असा अर्थ लावेल आणि ती सगळी बाहेर पडतील. स्पष्ट लिहा: 'नियमित, हंगामी, कंत्राटी किंवा बाह्यस्रोताद्वारे नेमलेले'. आणि त्यांच्यासाठी सेवापुस्तिकेऐवजी कुलसचिवांच्या सहीचं अनुभव प्रमाणपत्र, त्यात कामाचा तपशील. पुढच्या नोकरीला ते उपयोगी पडतं. व्यवस्थापन परिषदेच्या विषयपत्रिकेत विषय जायला हवा, तर टिपण आठवडाभर आधी सभा कक्षात पोचतं करा आणि पोच घ्या.

मृण्मयी_द

व्याख्या घातली काका, तुमच्याच शब्दांत. अनुभव प्रमाणपत्राचं कलमही. टिपण सोमवारी सभा कक्षात देते आहे. बैठकीत काय ठरतं ते इथेच कळवते.